दहा किलोमीटरच्या आतला हडंबा

सोयाबीन कापून बनीम, म्हणजे कापलेल्या मालाचा ढीग, लावली की आमच्या लातूर भागातल्या शेतकऱ्याला एकच घोर लागतो. परतीचा पाऊस यायच्या आत हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, रानात उभं राहिलं पाहिजे. ताडपत्रीखाली माल किती दिवस दम धरणार? गावातला हडंबा दुसऱ्याच्या शेतात अडकलेला असतो, शेजारच्या गावातला मालक फोन उचलत नाही. अशा वेळी आसपास मोकळं यंत्र कुठे आहे हे फोनवर दिसावं, एवढ्यासाठी आम्ही तिघा-चौघांनी एक छोटी सेवा उभी केली. शेतकरी आपलं ठिकाण पाठवतो आणि त्याच्यासमोर जवळचे हडंबे, त्यांचा कट्ट्यामागचा, म्हणजे पोत्यामागचा, दर आणि मालकाचा नंबर येतो. डेटाबेसची बाजू माझ्याकडे होती. अक्षांश-रेखांशावर कोणता इंडेक्स, म्हणजे शोध झटपट व्हावा म्हणून डेटाबेसने ठेवलेली सूची, लावायचा हे ठरवताना जे जे करून पाहिलं, ते इथे लिहितोय.

आमच्यात एक मामा आहेत. हडंबे त्यांचे स्वतःचे, ओळखीही त्यांच्याच. पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, "कशाला एवढं डोकं लावलालाव? तालुका निवडायला लावा, तालुक्यातले सगळे हडंबे दाखवा, झालं." म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. मराठवाड्यात आठ जिल्हे आणि ७६ तालुके. तालुक्याच्या कॉलमवर साधा बी-ट्री इंडेक्स, म्हणजे क्रमवार सूची, टाकला की क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा) पापणी लवायच्या आत उत्तर देते. पण रेणापूर तालुक्याच्या उत्तर टोकाला शेत असलेल्या माणसाला अंबाजोगाईकडचं यंत्र जवळ पडतं, आणि तिथे तालुकाच काय, जिल्हाही बदलतो. हंगामात माणूस यंत्रासाठी शीव बघत बसत नाही. नकाशावर अशी ठिकाणं दाखवली तेव्हा मामा म्हणाले, "मग करा बाबांनो तुमच्या मनासारखं."

सुरुवातीचं टेबल सगळे करतात तसंच होतं. मायएसक्यूएल हा डेटाबेस, त्यात अक्षांश आणि रेखांश असे दोन डेसिमल कॉलम, आणि अंतर काढायला हॅव्हरसाइनचं सूत्र. यंत्रं तेव्हा काहीशेच. एवढ्या पसाऱ्यावर इंडेक्सचा विचारच करू नये, हे मी आजही सांगेन. काही हजार ओळींवर साइन-कोसाइन चालवायला सर्व्हरला काही मिलिसेकंद लागतात. इंडेक्स असला तरी टेबल लहान असेल तर प्लॅनर, म्हणजे शोधाची वाट ठरवणारा डेटाबेसचा भाग, तो बाजूला ठेवून सरळ सगळं टेबल वाचतो, आणि त्याचंच बरोबर असतं. अडचण आली ती यंत्रांचं चालू ठिकाण घ्यायला लागल्यावर. हंगामात हडंबा घरी थांबत नाही, आज या गावात तर उद्या त्या. चालकाच्या फोनमधलं ॲप दर मिनिटाला ठिकाण पाठवतं. दोन हजार यंत्रं आणि दिवसाचे बारा तास धरले, तर एका दिवसाच्या नोंदी होतात १४ लाख ४० हजार. यावर प्रत्येक शोधाला प्रत्येक ओळीचं अंतर मोजायचं म्हणजे सर्व्हरची मळणी.

पहिला उपाय डोक्यात येतो तो दोन्ही कॉलमवर मिळून एक बी-ट्री. आधी सूत्राऐवजी चौकोन काढायचा. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. रेखांशाचा अंश मात्र ध्रुवाकडे जाताना आकसत जातो, लातूरच्या अक्षांशावर तो साधारण १०५.६ किलोमीटर भरतो. म्हणजे लातूर शहराभोवती दहा किलोमीटर हवे असतील तर अक्षांश ०.०९ ने आणि रेखांश ०.०९५ ने मागेपुढे करायचे. अट झाली: अक्षांश १८.३१ ते १८.४९ च्या दरम्यान आणि रेखांश ७६.४७ ते ७६.६६ च्या दरम्यान.

आता बी-ट्री म्हणजे क्रमाने लावलेली यादी. आधी अक्षांश, आणि अक्षांश सारखा असेल तर रेखांश. पण सहा दशांश स्थळांपर्यंतचे अक्षांश दोन यंत्रांचे सारखे येतात कधी? त्यामुळे दुसऱ्या कॉलमच्या क्रमाला अर्थच उरत नाही. डेटाबेस १८.३१ पासून १८.४९ पर्यंतचा अख्खा पट्टा इंडेक्समध्ये चालत जातो आणि रेखांशाची अट प्रत्येक नोंदीला लावत बसतो. हा पट्टा नकाशावर पाहिला तर पश्चिमेला भूम आणि पूर्वेला उदगीर, दोन्ही त्यात येतात. दीडशे किलोमीटर लांबीचं रान चाळायचं, कशासाठी, तर मधल्या वीस किलोमीटरसाठी. उद्या सेवा पश्चिमेकडे वाढली तर पट्टा दौंडपर्यंत जाणार. दोन कॉलमवर दोन वेगळे इंडेक्स टाकूनही पाहिले. पोस्टग्रेस (दुसरा डेटाबेस, पुढे आम्ही तोच घेतला) ते दोन्ही वाचून त्यांचा छेद काढतो, पण आडवा पट्टा पूर्ण आणि उभा पट्टाही पूर्ण वाचून झाल्यावर. मूळ दुखणं एकच: बी-ट्रीला एका रेषेवरचा क्रम कळतो, पृष्ठभाग कळत नाही. ही रचना बायर आणि मॅक्क्राइट यांनी १९७० च्या सुमारास मांडली, आणि एका मापाच्या शोधासाठी तिच्याइतकं चांगलं अजून काही नाही. इथे मापं दोन आहेत.

मग जिओहॅश. २००८ साली गुस्ताव्हो निमेयर यांनी काढलेली ही युक्ती मला अजूनही आवडते. जगाचे उभे-आडवे तुकडे करत जायचं आणि प्रत्येक तुकड्याला अक्षरं द्यायची. पाच अक्षरांचा तुकडा साधारण ४.९ किलोमीटर बाजूचा, सहा अक्षरांचा १.२ बाय ०.६ किलोमीटरचा. ठिकाणाची एक अक्षरमाळ झाली की तिच्यावर साधा बी-ट्री चालतो, कारण जवळच्या ठिकाणांची सुरुवातीची अक्षरं सारखी असतात. कुठलं एक्स्टेन्शन, म्हणजे डेटाबेसला वरून जोडायचा भाग, लागत नाही, कुठल्याही होस्टिंगवर चालतं. पोस्टग्रेसमध्ये एवढं बघावं लागतं की कोलेशन (अक्षरांचा क्रम लावायची पद्धत) 'सी' नसेल तर 'अमुक अक्षरांनी सुरू होणारं' या शोधासाठी इंडेक्स टेक्स्ट-पॅटर्न-ऑप्स या पर्यायाने बनवावा, नाहीतर तो वापरलाच जात नाही.

आता याची दुसरी बाजू. अख्खा मराठवाडा जिओहॅशच्या 'टी-ई' या दोन अक्षरांखाली येतो. पण तिसऱ्या अक्षराची एक उभी सीमा बरोबर ७५.९३७५ रेखांशावर आहे आणि ती जालना शहराच्या पूर्वेला पाच-सहा किलोमीटरवरून जाते. जालना शहर 'टी-ई-टी' मध्ये आणि त्या रेषेपलीकडचं शेत 'टी-ई-डब्ल्यू' मध्ये. रेषेच्या अलीकडे-पलीकडे दोन हडंबे शंभर मीटरवर उभे असले तरी त्यांच्या अक्षरमाळेत पहिली दोनच अक्षरं सारखी. उलट त्याच 'टी-ई-टी' मध्ये जालन्यासोबत छत्रपती संभाजीनगरही बसतं, पन्नास-साठ किलोमीटरवरचं. उपाय आहे: आपला तुकडा आणि त्याचे आठ शेजारी मिळून नऊ तुकडे शोधायचे, मग अंतर मोजून गाळायचं. ते काम मी लिहिलं आणि ते चाललं. पण शेतकरी एकदा पाच किलोमीटर मागतो, एकदा पंचवीस. प्रत्येक त्रिज्येला किती अक्षरं घ्यायची याचा तक्ता सांभाळायचा, शेजारी काढायचा कोड सांभाळायचा. डेटाबेसने करायचं काम मी ॲपमध्ये करत होतो.

आर-ट्रीकडे मी त्यानंतर वळलो. अँटोनिन गटमन यांनी १९८४ साली मांडलेली ही रचना समजायला आपल्याकडे वेगळं उदाहरण शोधावं लागत नाही. जिल्ह्यात तालुके, तालुक्यात महसूल मंडळं, मंडळात सज्जे, सज्ज्यात गावं. शोध वरून सुरू होतो. ज्या चौकटीशी आपल्या चौकोनाचा संबंधच नाही ती पोटातल्या सगळ्यांसकट सोडून द्यायची. फरक एवढाच की आर-ट्रीच्या चौकटी एकमेकींवर चढू शकतात, आणि जितक्या जास्त चढतील तितका शोध मंदावतो.

मायएसक्यूएलमध्ये आर-ट्री आहे, इनोडीबी या त्याच्या नेहमीच्या साठवण-इंजिनात तो आवृत्ती ५.७ पासून मिळतो. पण आवृत्ती ८ मध्ये कॉलम 'नॉट नल' (रिकामा न चालणारा) हवा, त्याला एसआरआयडी, म्हणजे निर्देशांक कोणत्या पद्धतीतले हे सांगणारा क्रमांक, ठरवून दिलेला हवा, नाहीतर ऑप्टिमायझर (तिथला प्लॅनर) इंडेक्सकडे ढुंकून बघत नाही. गोलावरचं अंतर काढणारं फंक्शन अटीत टाकलं तर इंडेक्स वापरला जात नाही, चौकोन आपणच बांधून द्यावा लागतो. आणि 'जवळचे पाच द्या' हा प्रश्न इंडेक्सच्या जोरावर सोडवायची सोय नाही. आमचा मुख्य प्रश्न तर तोच होता. म्हणून पोस्टग्रेस आणि त्याचं नकाशाच्या कामाचं एक्स्टेन्शन पोस्टजीआयएस. त्यासाठी होस्टिंगही बदलावं लागलं, कारण आधीच्या ठिकाणी एक्स्टेन्शन चालू करून मिळेना.

पोस्टजीआयएसमध्ये इंडेक्स जीआयएसटी प्रकारचा, आतून आर-ट्रीच्याच वळणाचा. तो बनवायला एक ओळ पुरते. डोकं लागलं ते कॉलमचा प्रकार निवडायला. जॉमेट्री आणि जिऑग्राफी असे दोन पर्याय आहेत. जॉमेट्रीमध्ये अक्षांश-रेखांश तसेच ठेवले तर अंतराचं एकक अंश असतं. म्हणजे 'इतक्या अंतराच्या आत आहे का' हे सांगणाऱ्या एसटी-डीविदिन या फंक्शनला कुणी सहज १० हा आकडा दिला, तर डेटाबेस दहा अंश धरणार. लातूरपासून दहा अंश म्हणजे खाली जवळजवळ कन्याकुमारी आणि वर जवळजवळ दिल्लीची वेस. सगळा भारत चाळून सोयाबीनचा हडंबा.

यावर तोड म्हणून यूटीएममध्ये, म्हणजे मीटरच्या चौकटीत, ठिकाणं रूपांतरित करून ठेवायचा सल्ला पुष्कळ जण देतात आणि तो चांगला आहे. मराठवाडा ४३ क्रमांकाच्या पट्ट्यात येतो. पण हा पट्टा ७८ रेखांशाला संपतो, आणि नांदेड जिल्ह्यातलं किनवट ७८.२ वर आहे. म्हणजे किनवट ४४ व्या पट्ट्यात. खरं तर पट्ट्याबाहेर एवढ्याशा अंतरावर मोजणीत येणारी चूक आमच्या कामाला नगण्य होती. तरी एका तालुक्यासाठी मनात शंका बाळगण्यापेक्षा जिऑग्राफी घेतली. अंतर थेट मीटरमध्ये, पृथ्वीचा गोलवा धरून. गणित थोडं जड पडतं, पण इंडेक्सने गाळून उरलेल्या शे-दोनशे ओळींवर ते जाणवतही नाही.

जुना डेटा नव्या टेबलात भरताना एक गंमत झाली. काही यंत्रं नकाशावर दिसेचनात. शोधली तर ती ७६ उत्तर अक्षांश आणि १८ पूर्व रेखांश अशा जागी, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांजवळच्या समुद्रात उभी होती. मालकांकडून आलेल्या तक्त्यात दोन आकडे उलटसुलट होते. त्यात भर म्हणजे पोस्टजीआयएसला आधी रेखांश मग अक्षांश लागतो आणि मायएसक्यूएल ८ याच एसआरआयडीला आधी अक्षांश धरतं. काही नोंदी शून्य-शून्यावर, आफ्रिकेशेजारी गिनीच्या आखातात. टेबलावर चेक कन्स्ट्रेंट, म्हणजे नोंद आत घेताना तपासायची अट, लावला: अक्षांश १७ ते २१, रेखांश ७४ ते ७९. याबाहेरचं काहीही आत येत नाही. इंडेक्सच्या लेखात हे कुणी लिहीत नाही, पण घाण डेटावर कुठलाही इंडेक्स चुकीचंच उत्तर वेगाने देतो.

आता प्रत्यक्ष क्वेरी. इंडेक्स असूनही तो वापरला जाईलच असं नाही, आणि हे क्वेरीचा प्लॅन दाखवणारी एक्स्प्लेन ॲनलाइज ही आज्ञा लावल्यावरच कळतं. 'अंतर काढ आणि ते दहा हजार मीटरपेक्षा कमी आहे का बघ' असं लिहिलं की सीक्वेन्शियल स्कॅन, सगळं टेबल. तीच गोष्ट एसटी-डीविदिनने विचारली की इंडेक्स लागतो, कारण ते फंक्शन आतून आधी चौकटीची अट लावतं आणि मगच नेमकं अंतर मोजतं. उत्तर तंतोतंत तेच, वाट वेगळी. आमच्या टीममधल्या उदगीरच्या पोराला हे सांगून पटेना. दोन्हीचे प्लॅन शेजारी शेजारी लावून दाखवले, मग गप्प बसला. चाचणीसाठी त्याने आधी यादृच्छिक बिंदू तयार केले होते, मराठवाडाभर सारखे पसरलेले. त्यावर सगळंच छान पळतं. खरी यंत्रं रस्त्यांच्या कडेला आणि बाजाराच्या गावांभोवती दाटलेली असतात, मध्ये मैलोन्‌मैल काही नाही. वेग खऱ्या डेटावरच मोजावा.

'जवळचे पाच' साठी पोस्टजीआयएसमध्ये अंतराचं एक खास चिन्ह आहे. ऑर्डर बायमध्ये (क्रम लावायच्या भागात) ते वापरून लिमिट, म्हणजे किती ओळी हव्या ती मर्यादा, लावली की इंडेक्स आपल्या ठिकाणापासून बाहेर बाहेर शोधत जातो आणि पाच मिळाले की थांबतो. त्रिज्या सांगायची गरज नाही. मार्च महिन्यात हे झकास चाललं. ऑक्टोबरमध्ये काय होईल? बहुतेक सगळे हडंबे कामावर. मोकळे पाच सापडेपर्यंत इंडेक्स जवळची शेकडो कामावरची यंत्रं एकेक करून टाकत जाणार, आणि प्लॅनमध्ये 'फिल्टरने काढलेल्या ओळी' हा आकडा फुगत जाणार. म्हणजे ज्या दिवशी गर्दी सगळ्यात जास्त, त्याच दिवशी क्वेरी सगळ्यात हळू. यावर आंशिक इंडेक्स केला, फक्त मोकळ्या यंत्रांचा. तो लहान राहतो आणि कामावरची यंत्रं त्यात नसतातच. सोबत एसटी-डीविदिनने साठ किलोमीटरची मर्यादा घातली, कारण किनवटच्या माणसाला परांड्याचा हडंबा दाखवून काय उपयोग?

दुसरी पाचर अपडेटची. पोस्टग्रेस ओळ बदलताना तिची नवी प्रत लिहितो. इंडेक्स असलेला कॉलम बदलला नसेल आणि त्याच पानावर जागा असेल तर इंडेक्सला हात लावावा लागत नाही. पण ठिकाण बदललं की जीआयएसटीत दर वेळी नवी नोंद. मिनिटाला एकदा असं दोन हजार यंत्रांनी केलं तर इंडेक्स फुगतो, जुन्या प्रती साफ करणाऱ्या व्हॅक्यूमला दम लागतो. पण हडंबा हे काही टॅक्सीसारखं वाहन नाही. तो एका बनिमीपाशी तासन्‌तास उभा असतो, जीपीएसचा काटाच तेवढा दहा-वीस मीटर इकडेतिकडे हलतो. म्हणून चालू ठिकाणाचं वेगळं टेबल केलं, यंत्रामागे एक ओळ, आणि यंत्र २०० मीटरपेक्षा जास्त हललं तरच ती बदलायची. इतिहासाच्या नोंदी दुसऱ्या टेबलात. इंडेक्सच्या प्रकारापेक्षा या एका वाटणीने जास्त फरक पडला, असं माझं मत आहे.

मग मामांनी चाचणी घेतली आणि एका शेताजवळचा पहिला हडंबा बघून हसायलाच लागले. "मधी मांजरा हाय की. ऑक्टोबरात पाणी असतंय. पुलावरनं फेरा मारून कोण येणार?" सरळ रेषेत यंत्र जवळ, पण रस्त्याने लांब. हा प्रश्न मांजरा-तेरणेच्या काठावर येतो, पैठणला नाथसागराच्या फुगवट्याला तर विचारूच नका. कुठलाही इंडेक्स हे सोडवत नाही, त्याला रस्ते ठाऊक नाहीत. आता डेटाबेसमधून सरळ रेषेतले जवळचे वीस मोकळे हडंबे घेतो, त्या विसांचंच रस्त्याचं अंतर ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाच्या डेटावर चालणाऱ्या ओएसआरएम या रस्ते शोधणाऱ्या प्रोग्रॅमकडून काढतो आणि पहिले पाच दाखवतो. वीसच्या जागी दहा घेतले तर नदीकाठी कधी कधी पलीकडच्याच काठाची यंत्रं भरतात, म्हणून वीस.

इतिहासाच्या टेबलाला मी ठिकाणावर इंडेक्स लावलेलाच नाही. तिथे विचारणा होते ती 'या यंत्राचा कालचा दिवस दाखवा' अशी. त्याला यंत्र आणि वेळ यांवरचा साधा बी-ट्री पुरतो. शिवाय काळाच्या मोठ्या पट्ट्यावरच्या हिशेबांसाठी ब्रिन हा इंडेक्सचा प्रकार, पोस्टग्रेस ९.५ पासून मिळणारा. तो प्रत्येक ओळीची नोंद ठेवत नाही. १२८ पानांच्या, म्हणजे साधारण एक एमबीच्या, प्रत्येक गठ्ठ्याची फक्त लहान-मोठी टोकं लिहून ठेवतो. म्हणून आकार नगण्य. पण ओळी ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमाने किंमत वाढत गेली तरच तो कामाचा. आमच्याकडे रानात रेंज नसते. फोन दिवसभराच्या नोंदी साठवतो आणि रात्री गावात आल्यावर एकदम सोडतो. फोनच्या वेळेवर ब्रिन लावला तर प्रत्येक गठ्ठ्यात सकाळ-संध्याकाळ कालवलेली, आणि इंडेक्स असून नसल्यासारखा. म्हणून तो सर्व्हरवर नोंद पोचल्याच्या वेळेवर लावलाय आणि शोधताना दोन दिवसांची ढील धरतो. टेबलाचे महिन्यावार तुकडे, म्हणजे पार्टिशन, असल्याने जुने महिने पार्टिशनसकट उडवता येतात.

यातलं एक कोडं अजून सुटलेलं नाही. बऱ्याच मालकांनी नोंदणी तालुक्याच्या बसस्टँडवर उभं राहून केली, तर काहींनी नुसतं तालुक्याचं नाव टाकलं आणि ॲपने मध्यबिंदू भरला. चालकाचा फोन बंद असला की ती सगळी यंत्रं एकाच बिंदूवर येतात, अंतरही सगळ्यांचं सारखं. निलंग्याजवळून शोधणाऱ्याला मग बसस्टँडवरचे डझनभर हडंबे दिसतात, जे प्रत्यक्षात तालुकाभर विखुरलेले असतात. सध्या अशा नोंदींना 'ठिकाण अंदाजे' असा शिक्का मारून यादीत खाली ढकलतोय. मामा मात्र म्हणतात, अशा मालकांना फोन लावून गावाचं नाव विचारणं सोपं पडेल. उदगीरच्या पोराने यादी काढून त्यांच्याकडे दिली आहे.